घर लहान, गाडी लांबची

विरारला घर घेणारा माणूस एक हिशेब मनाशी पक्का करून आलेला असतो. मुंबईत ज्या पैशांत एक खोलीही धड येत नाही, त्यात इथे वन बीएचके येतो. उरलेली किंमत आयुष्यभर गाडीत उभं राहून फेडायची. आम्हीही तो हिशेब केला. आई, बायको, मुलगी आणि मी अशी चार माणसं, आणि एजंट ज्याला ‘प्रशस्त’ म्हणाला होता तो हॉल. तिथे राहता राहता जे उमगत गेलं ते सांगतो. यातलं एकही मला आधी सुचलं नव्हतं, बरंचसं घरातल्या बायकांनी गुपचूप करून ठेवलेलं मला मागाहून दिसलं.

१. दमून आलेल्या माणसाला सोफा नको असतो, लादी हवी असते. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. विरारहून मुंबईला पहिली गाडी १८६७ साली सुटली म्हणतात, म्हणजे या प्रवासाची सवय व्हायला आपल्याला दीडशे वर्षं मिळाली, तरी अंधेरीला चढताना बरगड्यांना ती पटत नाही. हौसेने आणलेला तीन माणसांचा सोफा आमच्या हॉलचा निम्मा भाग खाऊन बसला होता, आणि त्यावर कायम बसलेले असायचे ते वाळलेले कपडे. मी मात्र घरी आलो की सोफ्याला टेकून खाली, गार लादीवर, पाय पसरून पडायचो. शेवटी बायको म्हणाली, “अहो, टेकायलाच हवा असेल तर भिंत फुकट आहे.” सोफा गेला, सतरंजी आली. त्याच सुमारास आईने एक नियम केला: मी आल्यावर पहिली दहा मिनिटं कोणी काही विचारायचं नाही. “आधी पाय धुऊ दे त्याला. मेंटेनन्सचं बिल कुठे पळून जात नाही.” सजावटीवर आम्ही केलेल्या सगळ्या खर्चापेक्षा ही दहा मिनिटं जास्त कामाला आली. पुढे बायकोही नोकरीला लागली, तेव्हा तीच दहा मिनिटं तिला द्यायची पाळी माझ्यावर आली. ते किती अवघड असतं ते मग कळलं, कारण नेमकं तेव्हाच मला चहाची साखर सापडत नसते.

२. जागा वाटून घेता येत नसेल तर वेळ वाटून घ्यावी लागते. आईचं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं, दादरजवळच्या नायगावातलं, आपल्या वसईच्या नव्हे. एकशेसाठ चौरस फुटांची खोली आणि त्यात मामा, मावश्या, गावाहून नोकरीला आलेला कोणी ना कोणी. माझ्या तक्रारी ऐकून तिला हसूच येतं. ती सांगते, सकाळची खोली बायकांची, दुपारची अभ्यासाची आणि रात्रीचा कॉरिडॉर पुरुषांचा. आमच्याकडेही न ठरवता तसंच झालं. पहाटेचा ओटा बायकोचा, दुपारचा पलंग आईचा, जेवणं उरकल्यावर भिंतीवरचं फोल्डिंग टेबल मुलीचं. त्या टेबलाशी ती बसली की टीव्ही बंद आणि माझे फोन पॅसेजमध्ये. एकांत म्हणजे वेगळी खोली अशी माझी समजूत होती. पण मुलगी हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसते, तेव्हा तिच्याभोवती अदृश्य दार असतं आणि आम्ही ते ठोठावल्याशिवाय बोलत नाही. शिवाय लहान घरात एक कला आपोआप अंगी येते, ऐकलेलं न ऐकल्यासारखं करण्याची. आई त्यात उस्ताद आहे. नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं की तिला हमखास देवळात जायचं असतं.

३. भरलेलं पिंप हे या घरातलं सर्वांत देखणं फर्निचर. सूर्या धरणाचं पाणी इथे येतं हे खरं, पण आपल्या नळाला कधी आणि किती, हे ज्याने त्याने आपल्या इमारतीत विचारावं. टँकरच्या दिवसांत कोणी पडद्यांच्या रंगावर चर्चा केल्याचं मला आठवत नाही.

४. ओल ही घरातली पाचवी व्यक्ती आहे, आणि तिलाही जागा ठेवावी लागते. मी मोठ्या ऐटीत पश्चिमेच्या भिंतीला चिकटून कपाट बसवून घेतलं होतं. ऑगस्टमध्ये लग्नातला शालू बाहेर काढला तेव्हा त्याच्या घडीवर पांढुरकी बुरशी होती आणि कपाटाच्या पाठीला हात लावला तर बोटं ओली. आता कपाट भिंतीपासून चार बोटं सोडून उभं आहे, मागे वारा खेळतो. सोसायटीने वर्गणी काढून गच्चीवर पत्र्याची शेड टाकली, तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक पहिल्यांदा पावसाळाभर निवांत झोपले. वसई-विरारमध्ये शेड नसलेली जुनी इमारत शोधून दाखवावी! बाकी जुलैत आमच्याकडे येणाऱ्याला हॉलमधल्या दोऱ्यांवरचे परकर आणि युनिफॉर्म बाजूला सारतच आत यावं लागतं. आम्हीही आता त्याबद्दल माफी मागत नाही.

५. वारा फुकट असतो, फक्त त्याची वाट मोकळी ठेवावी लागते. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये आम्ही तुटकी बादली, रद्दी, मुलीची लहानपणीची सायकल असं सगळं कोंबलं होतं. एका दिवाळीत ते काढलं आणि संध्याकाळी अर्नाळ्याच्या बाजूचा वारा सरळ स्वयंपाकघरापर्यंत आला. आईने फक्त पदर सावरला आणि म्हणाली, “बघ, पंख्याचं बटण बंद आहे.”

६. लहान घराची एक खोली नेहमी बाहेर असते. गास, गिरीज, नंदाखालकडची जुनी घरं पाहिली की हे पटतं. पुढे ओटी, मागे वाडी, वाडीत केळी, जवळ कुठेतरी बावखल, म्हणजे तळं. हे सगळं टिकावं म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी हरित वसईचा लढा दिला. आमच्यासारख्यांच्या इमारतींविषयी त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा विचार आला की मी थोडा संकोचतो. आम्हाला ओटी नाही, पॅसेज आहे. वाडी नाही, पण बाजारात बसणाऱ्या मावशींकडून घेतलेला वेलची केळ्यांचा फणा खिडकीत टांगलेला असतो आणि तो पिकू लागला की घरभर वास सुटतो. रविवारी सकाळी राजोडीचा किनारा हाच आमचा दिवाणखाना.

पॅसेजची किंमत कळली ती २०१८ च्या जुलैत. सगळीकडे पाणी भरलं, गाड्या अडकल्या, वीज गेली. तळमजल्यावरची दोन कुटुंबं आमच्याकडे वर आली. गादी, गॅसची शेगडी, एक आजोबा, पिंजऱ्यातला पोपट. आम्ही चौघं ज्या हॉलमध्ये एकमेकांच्या पायांत येतो, तिथे त्या रात्री बारा माणसं आडवी झाली आणि दारं उघडी ठेवल्याने कोणाचं घर कुठे संपतं ते कळेना. पोपटाला शिलाई मशीनवर जागा मिळाली. त्या रात्री एकानेही घर लहान असल्याचा उल्लेख केला नाही.

७. मोठ्या घराची हौस जात नाही, जाऊही नये. आम्ही अजून टू बीएचके बघायला जातो. २०१६ च्या रेरा कायद्यामुळे आता किंमत कार्पेट एरियावर सांगावी लागते. मात्र त्यात घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते, हे लक्षात ठेवा. आणि तुम्हीही इकडे घर बघणार असाल तर नमुना फ्लॅट पाहून भुलू नका. जुलैत या, खरं घर उघडायला लावा, आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा.