स्टोव्ह चिमणीला मंजूर, फुप्फुसांचं काय?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सजवळ जुनं टेरेस घर घेतलं आहे. बैठकीच्या खोलीत जुनी फायरप्लेस आहे, तिथं मल्टीफ्युएल स्टोव्ह बसवावा असं मनात आहे. आमचा भाग स्मोक कंट्रोल एरियात येतो. दुकानदार म्हणतो, ‘डेफ्रा’ची सूट असलेलं मॉडेल घ्या, काही अडचण येणार नाही. घरात गॅसवरची सेंट्रल हीटिंग आहेच. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला दमा आहे. डिसेंबरात सासूबाई सांगलीहून येतील, त्यांनाही धाप लागते. कोणता स्टोव्ह निवडावा?

उत्तर: दुकानदार खोटं सांगत नाहीये. फक्त त्याचं उत्तर काउन्सिलच्या प्रश्नाला आहे आणि तुम्ही विचारलंय डॉक्टरला. स्टोव्ह कसा निवडावा हे पुढं सांगतोच, कारण हा प्रश्न तिकडच्या इतर वाचकांनाही पडतो आणि सगळ्यांच्या घरी दम्याचा पेशंट नसतो. पण तुमच्या घरापुरतं उत्तर आधी देऊन टाकतो: बसवू नका.

आता कारणं. १९५२ साली ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं होतं. तेव्हाच्या हिशेबानुसार सुमारे चार हजार माणसं गेली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्या धक्क्यातून १९५६ चा ‘क्लीन एअर ॲक्ट’ आला आणि धूरनियंत्रित भाग जाहीर करण्याचा अधिकार काउन्सिलांना मिळाला. त्या कायद्याची नजर तेव्हापासून चिमणीच्या तोंडावर आहे. इंग्लंडमध्ये आज अशा भागात धुराड्यातून धूर निघताना आढळला, तर १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. तुमच्या सोफ्यावर बसलेल्या मुलीच्या श्वासात काय जातंय, हे तपासायला मात्र कोणी येत नाही.

या भागात जाळण्याचे कायदेशीर मार्ग दोन. एक, ‘ऑथोराइज्ड’ म्हणजे मंजूर इंधन वापरा. ॲन्थ्रासाइट आणि यादीतल्या धूरविरहित कांड्या यात येतात, आणि त्या कुठल्याही स्टोव्हमध्ये चालतात. दोन, सूट मिळालेला, म्हणजे ‘एक्झेम्प्ट’ स्टोव्ह घ्या आणि त्याच्या नोंदीत लिहिलेलं इंधनच त्यात जाळा. लाकूड पहिल्या यादीत नाही. त्यामुळे लाकूड जाळायचं असेल तर सूट मिळालेलाच स्टोव्ह लागतो. इथं अनेकांची गल्लत होते: ‘मल्टीफ्युएल आहे, म्हणजे काहीही घाला’ असं समजून लोक मोकळे होतात. डेफ्राच्या, म्हणजे सरकारच्या पर्यावरण खात्याच्या, यादीत मॉडेलचं पूर्ण नाव आणि क्रमांक स्वतः जुळवून बघा, दुकानातल्या पाटीवर जाऊ नका. एकाच नावाच्या स्टोव्हचा एक प्रकार यादीत असतो, दुसरा नसतो.

ही सूट मिळते ती प्रयोगशाळेतल्या चाचणीवर. तासाला किती ग्रॅम धूर निघतो ते तिथं मोजतात. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या स्टोव्हना ‘इकोडिझाइन’चे नियम लागू आहेत. बंद दाराच्या स्टोव्हला धूलिकणांची मर्यादा घनमीटरमागे ४० मिलिग्रॅम आहे. जुन्या स्टोव्हच्या तुलनेत ही सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. पण चाचणीत लाकूड कोरडं असतं आणि पेटवणारा त्यातला जाणकार असतो. आपल्या घरी कामावरून दमून आलेला माणूस गार ओंडका आत ढकलतो आणि झोपायच्या आधी हवेची खीळ दाबून टाकतो.

इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी सर ख्रिस व्हिटी यांनी २०२२ च्या अहवालात वायुप्रदूषणाचाच विषय घेतला होता. तेवढीच ऊब मिळवायला इकोडिझाइनचा लाकडी स्टोव्हसुद्धा गॅस हीटिंगच्या सुमारे ४५० पट सूक्ष्म धूलिकण सोडतो, असं त्यात दिलं आहे; जुन्या स्टोव्हचा आकडा ३,७०० पट. शेफील्डमधल्या संशोधकांनी २०२० साली सूट मिळालेले स्टोव्ह असलेल्या घरांमध्ये आतली हवा मोजली. स्टोव्ह पेटलेला असताना घरातले सूक्ष्म कण साधारण तिप्पट झाले होते, आणि लाकूड घालायला दार जितक्या वेळा उघडलं तितकी ही पातळी उसळत होती. धूर चिमणीतून निघून जातो, हा आपला समज दार उघडण्याच्या त्या काही सेकंदांत खोटा ठरतो.

हे कण म्हणजे पीएम २.५. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे. नाकातले केस आणि घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत; ते थेट वायुकोशांत पोचतात, अगदी बारीक असलेले रक्तातही उतरतात. दम्यात श्वासनलिका आधीच सुजलेल्या आणि चिडक्या असतात, त्यांना आकसायला एवढं निमित्त पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वर्षभराची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची १५ ठरवली. मुलीचा पंप कपाटात तयार आहे म्हणून हे चालवून घेऊ, असं कृपा करून ठरवू नका.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मी तिथं थबकलो. त्यांनी आयुष्यातली किती वर्षं चुलीपुढं काढली? विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या आपल्याकडच्या बायकांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार होतो, त्याचं एक मोठं कारण चुलीतला धूर आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर बरंच काम केलं आहे. या बायकांची फुप्फुसं इंग्लंडच्या थंडीत आधीच कुरकुरतात. त्यात बंद खिडक्यांच्या खोलीत लाकडाचा जाळ. त्या स्वतः म्हणतील, ‘एवढ्याशा धुरानं मला काय होतंय?’ चुलीपुढं जन्म गेलेली बाई असंच म्हणते. येण्यापूर्वी तिथंच त्यांची स्पायरोमेट्री करून घ्या आणि रोजचे पंप पुरेसे बरोबर आणायला सांगा.

ज्यांच्या घरात दमा, सीओपीडी, हृदयविकार नाही, तान्हं मूल किंवा गरोदर बाई नाही, त्यांच्यासाठी आता निवडीचं बोलू. गॅसची लाइन न पोचलेल्या गावांत राहणारेही यात आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळानंतर उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधली काही घरं आठवड्याहून जास्त अंधारात होती. तिथं स्टोव्हला चैन म्हणणं बरोबर नाही.

आपल्याकडचा पाणी तापवायचा बंब ज्यांनी पेटवला असेल, त्यांना मल्टीफ्युएल स्टोव्हची रचना पटकन कळेल: खाली जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा, वर धुराडं. कोळशाच्या कांड्यांना हवा खालून लागते, म्हणून ती जाळी. लाकूड राखेच्या थरावर ठेवून वरून हवा दिली की नीट जळतं. मल्टीफ्युएलमध्ये दोन्ही सोयी असतात, पण म्हणून दोन्ही इंधनं एकदम घालायची नसतात. लाकडातलं पाणी आणि कांड्यांमधलं गंधक मिळून आम्ल तयार होतं, ते चिमणीतलं स्टीलचं अस्तर खातं, आणि भोक पडलेल्या अस्तरातून वायू घरात झिरपू शकतो. कांड्या जाळणार असाल तर अस्तर ९०४ दर्जाचं बसवून घ्या. साधं ३१६ चं लाकडालाच ठीक. माझं मत विचाराल तर एक इंधन ठरवा आणि त्यावरच राहा. धूरविरहित म्हटल्या जाणाऱ्या कांड्यांचा धूर दिसत नाही, पण त्यातून गंधकाचा डायॉक्साइड निघतोच, आणि दमेकऱ्याला तो चांगलाच झोंबतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती आकारात. मोठा स्टोव्ह घेतला की जास्त ऊब, असं वाटतं. प्रत्यक्षात खोली भट्टीसारखी तापते, मग हवा बंद करून आग मंद करतात, आणि मंद झालेली आग धुमसते. सगळा धूर, सगळी काजळी त्या धुमसण्यात आहे. साधारण ठोकताळा असा: खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा आणि १४ ने भागा, तेवढे किलोवॉट. पाच बाय चार मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली असेल तर साडेतीनच्या आसपास उत्तर येतं. तिथं आठ किलोवॉटचा स्टोव्ह विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. पाच किलोवॉटच्या वरच्या स्टोव्हला भिंतीत कायमची उघडी हवेची जाळी लागते, हवाबंद नव्या घरांत लहान स्टोव्हलासुद्धा. थंडी येते म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावणारी मंडळी आपल्यात आहेत. तसं करू नका. स्वयंपाकघर आणि बैठक एकत्र असेल तर फोडणीच्या वेळी लावलेला जोरदार एक्झॉस्ट फॅन चिमणीतला धूर खोलीत उलटा खेचू शकतो. बसवणाऱ्याला हे आधीच सांगून चाचणी करून घ्या.

स्टोव्हवर ‘क्लिअरस्काइज’चं चिन्ह असेल तर ३ किंवा त्याहून वरची पातळी पाहा, ५ सर्वांत वरची. बसवायला ‘हेटास’सारख्या संस्थेत नोंदणी असलेला माणूसच बोलवा आणि कामाचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

लाकूड घेताना पिशवीवर ‘रेडी टू बर्न’ लिहिलेलं हवं. त्याचा अर्थ ओलावा २० टक्के किंवा कमी. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकताना ही अट आहे. घरगुती साधा दगडी कोळसा पिशवीतून विकणं त्याच दिवशी बंद झालं आणि सुटा विकणं १ मे २०२३ पासून. शेजाऱ्यानं झाड तोडलं आणि फुकट ओंडके दिले, तर आभार मानून फोडून छपराखाली वर्ष-दोन वर्षं वाळवा. ओलावा मोजायचं यंत्र स्वस्त मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ते टोचायचं. रंगवलेली फळी, एमडीएफ, पॅकिंगच्या पेट्या, घरचा कचरा यातलं काहीही आत जाता कामा नये.

पेटवताना मोठे तुकडे खाली, बारीक ढलप्या वर, आणि आग वरून लावा. धूर कमी होतो. नंतर निखारे राहिले की दार सावकाश उघडून थोडं थोडं लाकूड घाला. रात्रभर धुमसत ठेवायची पद्धत पूर्ण सोडा. लाकूड जाळत असाल तर हंगामात दर तीन महिन्यांनी चिमणी साफ करून घ्या, कांड्यांना वर्षातून एकदा तरी. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून घराबाहेर ठेवा. तिच्यातले निखारे बराच वेळ जिवंत असतात आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतात.

या वायूबद्दल थोडं सविस्तर, कारण तो जीव घेतो आणि त्याला ना रंग ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. सुरुवातीची लक्षणं अगदी साधी: डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, विनाकारण थकवा. फ्लू वाटतो, पण ताप नसतो. घरातल्या सगळ्यांना एकदम होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर फ्लूची गोळी घेत बसू नका. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९९९ ला फोन करा. करोनात आणलेलं बोटाचं ऑक्सिमीटर इथं फसवतं. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, त्यामुळे आकडा ९८ दिसतो आणि माणूस आतून गुदमरत असतो. खरा आकडा रक्ताच्या तपासणीत कळतो.

तुमच्या घराकडे परत येतो. ऊब गॅसवर मिळते आहे, मुलीला दमा आहे, सासूबाईंना धाप आहे. अशा घरात शोभेसाठी जाळ नको. मुलीचा रोजचा प्रतिबंधक पंप थंडीत एकही दिवस चुकवू नका. आराम देणारा निळा पंप आठवड्यातून तीनदा किंवा जास्त लागायला लागला तर जीपीला दाखवा. पंप घेऊनही धाप ओसरत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, तर थेट ९९९. फायरप्लेस बंद करताना चिमणीला वारा खेळायला जागा राहील, अशी सोय मिस्त्रीकडून करून घ्या, नाहीतर भिंतीला ओल धरेल. आणि मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्ह न घेताही लागतो, कारण तुमच्याकडे गॅसचा बॉयलर आहे. ‘बीएस ईएन ५०२९१’ असं छापलेला अलार्म या आठवड्यात आणा, बॉयलरपासून एक ते तीन मीटरवर लावा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तो वाजतो ना ते बघा.