एनएलआर म्हणजे निकाल नव्हे

यकृताच्या कॅन्सरचं निदान झालं की साध्या सीबीसीवरून रुग्णाचं उरलेलं आयुष्य मोजायची एक घाई अलीकडे दिसते. त्या घाईवरचा माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागून एनएलआर काढायचा, उत्तर साडेसहा आलं की मान हलवायची आणि ‘आता इम्युनोथेरपीत कशाला पैसे घालता’ म्हणायचं. कोण म्हणालं, त्याचं नाव घेत नाही. पण ते इतक्या ठामपणे सांगितलं जातं की कोणत्या अभ्यासाच्या आधारावर, हे विचारायचं नातेवाइकांना सुचतच नाही.

‘पण यामागे संशोधन आहे ना?’ आहे, आणि ते खोटं नाही. शस्त्रक्रिया असो, गोळ्या असोत की इम्युनोथेरपी, एनएलआर जास्त असलेल्या रुग्णांचा गट सरासरीने कमी जगतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. २०१४ मध्ये शांघायच्या संशोधकांनी त्यात प्लेटलेटही धरून एसआयआय हा निर्देशांक मांडला. पण नेमकी मेख इथेच आहे. जो आकडा प्रत्येक उपचारात वाईटच बोलतो, तो आजार किती जोरात आहे एवढं सांगतो. अमुक औषध या माणसाला लागू पडणार नाही, हे सांगत नाही. ते सांगायचं तर औषध दिलेले आणि न दिलेले, दोन्हीकडचे रुग्ण त्या आकड्यानुसार ताडून बघावे लागतात. एएफपी या रक्ततपासणीच्या बाबतीत तसं झालं. रॅम्युसिरुमॅब या औषधाची पहिली मोठी चाचणी एकूण रुग्णांत फसली, पण एएफपी ४०० किंवा त्याहून जास्त असलेल्यांत फायद्याची चिन्हं दिसली. मग तेवढेच रुग्ण घेऊन दुसरी चाचणी झाली. २०१९ मध्ये तिचा निकाल छापून आला: मध्यक आयुर्मान ७.३ वरून ८.५ महिन्यांवर. फायदा जेमतेम सव्वा महिन्याचा, पण आकड्याने औषध ठरवण्याचा हक्क असा कमवावा लागतो. एनएलआरने तो अजून कमावलेला नाही.

शिवाय हा आकडा फार चंचल. न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १२ टक्के म्हणजे साडेसहा. तेच ६५ आणि २६ झाले की अडीच. एवढा फरक पडायला कॅन्सर वाढायला लागत नाही. छातीत कफ, लघवीचा संसर्ग किंवा पोटातलं पाणी दूषित होणं पुरतं. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. एसआयआयची गंमत उलटी: आपल्याकडे या कॅन्सरखाली बहुधा सिरॉसिस असतो, त्यात प्लीहा वाढून प्लेटलेट घसरतात, आणि त्यामुळे निर्देशांक उगाच दिलासादायक दिसू शकतो. वर एनएलआरची सीमारेषा कुणाची दोन, कुणाची तीन, कुणाची पाच. म्हणून ताप किंवा संसर्ग असताना काढलेल्या रक्तावर काहीच ठरवू देऊ नका. तो बरा झाल्यावर पुन्हा सीबीसी करा, आणि स्टेरॉइड चालू असेल तर आधीच सांगा. एनएलआरपेक्षा बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी आणि रुग्ण दिवसभर किती हिंडतो-फिरतो, हे आधी विचारा.

आणखी एक आक्षेप मला पटतो: घर विकून उपचार करायचे का? नकोत, असं कुणी ठरवलं तर त्यात काही गैर नाही. पण मग पैशाचं कारण पैशाचं म्हणूनच बोलावं. त्यावर रक्ताच्या आकड्याचं पांघरूण कशाला? ‘या आकड्यामुळे उपचार नको’ असं कुणी म्हणालंच, तर केसपेपरवर तसं लिहून मागा. आणि दुसरं मत घ्याच. त्यासाठी मुंबईत परळला टाटा मेमोरियल गाठताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, तीन टप्प्यांच्या सीटीची सीडी न्या. इम्युनोथेरपीसोबत दिल्या जाणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबचा विचार चालला असेल तर त्याआधी दुर्बिणीने अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा तपासून घ्या. त्या फुटून होणारा रक्तस्राव जिवावर बेततो, आणि तो धोका सीबीसीतल्या कुठल्याही भागाकारात दिसत नाही.