घरच्या टाकीत ओढ्याच्या खेकड्यांचे संगोपन व प्रजनन

मृगाच्या सरी कोसळल्या की कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी ओढ्याकाठी, भाताच्या बांधावर खेकडे बाहेर पडतात. काही भागांत त्यांना मुठे म्हणतात. रात्री बत्ती घेऊन ते पकडण्याची रीत जुनी आहे. या दिवसांत पोटाखाली अंडी किंवा पिले असलेल्या माद्याही हाती लागतात आणि इतरांबरोबर टोपलीत जातात. हेच खेकडे घरी काचेच्या टाकीत पाळता येतात व त्यांची पिलेही वाढविता येतात. वाढ सावकाश होत असल्याने हा पैशाचा जोडधंदा नव्हे. मात्र ओढ्यातील मादी का सोडावी, हे या टाकीतून घरातील मुलांनाही समजते.

चिंबोरी व ओढ्याचा खेकडा यांतील फरक

खाडीतील चिंबोरी लाखो अंडी घालते. त्यातून निघणाऱ्या अळ्या खाऱ्या पाण्यात अनेक अवस्थांतून जातात. ओढ्याच्या खेकड्याची अंडी मोठी, पण थोडी असतात. काही डझन ते काही शेकडे एवढीच. अळीची अवस्था अंड्यातच पूर्ण होते आणि बाहेर येतो तो चिमुकला खेकडाच. त्यामुळे प्रजननासाठी खारे पाणी लागत नाही. शोभेच्या माशांच्या दुकानातील लाल नांगीचे छोटे खेकडे बहुधा खाडीकडचे असतात. त्यांना मचूळ पाणी लागते व गोड्या पाण्यात त्यांची पिले वाढत नाहीत.

टाकीची रचना

१) सुमारे ६० सेंमी लांब व ३० सेंमी रुंद टाकी एक नर व दोन माद्यांना पुरते.
२) तळाशी धुतलेली वाळू व गोटे घालावेत. एक तृतीयांश भाग कोरडा राहील असा उतार करावा.
३) पाणी ८ ते १० सेंमी ठेवावे. खेकडा ओलसर कल्ल्यांच्या आधारे हवेतही श्वास घेतो. बाहेर येण्यास जागा नसेल तर तो दगावतो.
४) लपण्यासाठी फुटकी कौले पालथी घालावीत. प्रत्येक खेकड्यास स्वतंत्र आडोसा हवा.
५) वर घट्ट जाळी बसवून वजन ठेवावे. खेकडा रबरी नळीवरूनही चढून पळतो.

नळाचे पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मगच वापरावे. विहिरीचे पाणी उत्तम. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. तांब्याचे भांडे किंवा मोरचूद फवारलेला पंप-बादली पाण्यासाठी वापरू नये. तांबे खेकड्यांना विषारी आहे.

निवड

पाठ ३ ते ४ सेंमी रुंद असलेले, सर्व पाय शाबूत असलेले खेकडे घ्यावेत. पोटाखालची पट्टी नरात अरुंद व निमुळती, तर मादीत रुंद व गोल असते. ती पायांच्या मुळापर्यंत पोहोचली असेल तर मादी वयात आली असे समजावे. नुकतेच कीटकनाशक वापरलेल्या खाचरातून तसेच अभयारण्यातून खेकडे आणू नयेत.

आहार व कात

दिवेलागणीला थोडे खाद्य द्यावे : भिजलेला पालापाचोळा, उकडलेली भाजी, गांडूळ, मासळीचा तुकडा. उरलेले सकाळी काढावे, नाहीतर पाणी सडते. कवचासाठी चुना लागतो. त्यासाठी अंड्याच्या टरफलांचा चुरा ठेवावा. कात टाकल्यावर अंग मऊ असते व इतर खेकडे त्यास खातात. अशा वेळी त्याला वेगळे ठेवावे. टाकलेली कात काढू नये. ती तो स्वतःच खातो.

प्रजनन व पिलांची काळजी

अंडी दिसताच मादीला हलक्या हाताने वेगळ्या टाकीत ठेवावे. वारंवार हाताळल्यास ती अंडी टाकून देते. काही आठवड्यांनी पिले निघतात, परंतु लगेच दूर जात नाहीत. काही दिवस आईच्या पट्टीखालीच राहतात. म्हणजे मादी मारली की अंड्यांबरोबर जिवंत पिलेही जातात.

पिले सुटी झाल्यावर मादीस बाजूला काढावे, कारण ती पिले खाऊ शकते. पिलांना २ ते ३ सेंमी पाणी, भरपूर खडे-पाला व बारीक कुस्करलेले खाद्य द्यावे. आडोसा कमी पडल्यास ती एकमेकांस खातात.

पिले कोठे सोडावीत?

पावसाळा संपण्यापूर्वी ती ज्या ओढ्यातील आहेत त्याच ओढ्यात सोडावीत. भातखाचरात सोडू नयेत. खेकडे कोवळी रोपे तोडतात व बांधाला बिळे पाडतात. दुकानातील प्राण्यांबरोबर ठेवलेली पिले ओढ्यात मुळीच सोडू नयेत. रोग पसरण्याचा धोका असतो.

टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवावेत. खेकडा कच्चा वा अर्धवट शिजलेला खाऊ नये. त्यातून फुप्फुसाचा कृमिरोग होऊ शकतो.

टाकी ठेवणे न ठेवणे आपल्या सवडीचा प्रश्न आहे. परंतु यंदा खेकडे पकडताना प्रत्येक मादी उलटी करून पाहावी. पट्टीखाली अंडी किंवा पिले दिसल्यास तिला तेथेच सोडून द्यावे. पुढील मृगाला ओढ्यात खेकडे हवे असतील तर एवढे केलेच पाहिजे.