पट्टी संपण्याआधी

चि. मुक्तास,


दाजी गेल्यापासून तुझी झोप उडाली आहे आणि डॉक्टरांनी झोल्पिडेमच्या ५ मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या लिहून दिल्या आहेत, हे ताईकडून कळलं. तू घ्यायला घाबरतेस म्हणे. घाबरू नकोस. एवढ्या दुःखात थोडे दिवस गोळीचा आधार घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त ती नीट घ्यायची.

दिवा मालवून आडवं व्हायच्या वेळीच गोळी घे. पुढे सात-आठ तास हातात असायला हवेत. पोटभर जेवून लगेच घेतलीस तर ती उशिरा चढते. मग ‘लागू पडत नाही’ म्हणून मध्यरात्री दुसरी घेशील, तसं अजिबात करू नकोस. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये बायकांसाठी १० ऐवजी ५ मिलिग्रॅमचीच शिफारस केली. तुझी शाळा सकाळची. डोकं जड वाटलं तर स्कूटी काढू नकोस, रिक्षाने जा. गोळी घेतल्यावर काही जण झोपेतच उठून चालतात, स्वयंपाक करतात, गाडीही चालवतात आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही. असं एकदा जरी झालं तरी गोळी बंद करून डॉक्टरांना फोन कर. दारूचा थेंबही नको. सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं हीसुद्धा सुस्ती वाढवतात, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नकोस. आणि ताईने मागितली तरी तिला अर्धीसुद्धा देऊ नकोस. या वयात रात्री बाथरूमला उठताना तोल गेला तर खुब्याचं हाड मोडतं. तिलाही झोप येत नसेल तर तिला वेगळं दाखव.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हे औषध शेड्यूल एच-वन मधलं आहे. २०१४ पासून त्याच्या प्रत्येक विक्रीची नोंद, पेशंटच्या आणि डॉक्टरांच्या नावासकट, आम्हा औषध दुकानदारांना वेगळ्या रजिस्टरात ठेवावी लागते. गिऱ्हाइकं यावर चिडतात. पण काउंटरमागे उभं राहून मी पाहिलं आहे ते असं, की पहिल्या पट्टीने सहसा कुणी अडकत नाही. माणूस अडकतो तो जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन ‘डॉक्टर गावाला गेलेत, एवढी एक द्या’ म्हणत येतो तेव्हा. त्याने एक रात्र गोळी सोडून पाहिलेली असते, त्या रात्री डोळ्याला डोळा लागलेला नसतो, आणि आपल्याला गोळीशिवाय झोप येणारच नाही असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं. पुष्कळदा ती जागरणाची रात्र गोळी थांबवल्यामुळेच आलेली असते आणि दोन-चार रात्रींत ते निवळतं. हे आधी माहीत असेल तर तू डगमगणार नाहीस. कधी थांबायचं ती तारीख डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घे. मात्र काही कारणाने गोळ्या कित्येक आठवडे चालल्या, तर स्वतःच्या मनाने एकदम तोडू नकोस. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

गोळ्या चालू असतानाच एक कर. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ तीच ठेव आणि दुपारी झोपू नकोस. कूस बदलत पडून राहण्यापेक्षा उठून बाहेरच्या खोलीत बस, पेंग आली की परत ये. संध्याकाळचा चहा सोड. तुला जड जाईल, ठाऊक आहे. महिन्या-दोन महिन्यांनीही असंच राहिलं तर गोळी वाढवून मागू नकोस, सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारा बिनगोळ्यांचा उपचार, करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव माग. जुनाट निद्रानाशावर आधी तेच करावं, असं डॉक्टर मंडळीच सांगतात.

आणि बाळा, रात्री मन फारच अंधारलं, जगणं नकोसं वाटलं, तर पट्टी ताईच्या हवाली कर आणि मला उठव, कितीही वाजलेले असोत. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.

शेवटच्या दोन गोळ्या उरतील तेव्हाच डॉक्टरांची वेळ घे. मला दिवस कळव, मी सांगलीहून सकाळच्या गाडीने येतो, दोघं मिळून जाऊ.

तुझा,
मामा