इगर्जीतला दिवा

बाय, परवा बांबोळीच्या इस्पितळातून रात्रपाळी करून आलीस आणि म्हणालीस, "शामाय, देवापाशी बसायला वेळच मिळत नाही. मनाला थारा नाही." तुझे डोळे मिटत होते, म्हणून मी गप्प राहिले. आज सांगते. यातलं काही माझ्या आईचं, काही आयुष्याने शिकवलेलं.

दिवा आधीच पेटलेला असतो. आपल्या डिचोलीच्या इगर्जीत पवित्र पेटीजवळ लाल काचेतला दिवा तेवत असतो, देवळातल्या नंदादीपासारखा. रविवारच्या मिसाला माणसं मावत नाहीत आणि भर दुपारी आत चिटपाखरू नसतं, पण दिवा तसाच. येशू इथे आहे, एवढंच तो सांगतो. आई म्हणायची, आपण गेल्यावर तो पेटत नाही गं, आपण जातो तेव्हा तो पेटलेलाच असतो. देवाला हाक मारून आणावं लागत नाही. त्याच्याकडे तोंड वळवावं लागतं. पुढचं सगळं या वळण्याचंच आहे.

हात धुताना आठव. आंजेलुसच्या प्रार्थनेची घंटा दिवसातून तीनदा: सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला. देव माणूस होऊन आपल्यात राहायला आला, याची ती आठवण. घंटा ऐकली की आई हातातला कोयता खाली ठेवून उभी राहायची. तुझ्या वॉर्डात घंटा नाही, पण प्रत्येक पेशंटनंतर हात धुणं आहे. नळाखाली हात धरलेस की मनात म्हण, "तू इथे आहेस." बस्स, तीच तुझी घंटा.

कामातून उठू नकोस. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे पायाने अधू असलेले एक साधू होते. त्यांना स्वयंपाकघरात टाकलं. त्या कामाची त्यांना मुळीच आवड नव्हती. तरी भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलायची त्यांनी सवय लावून घेतली, इतकी की आल्तारापुढे गुडघे टेकणं आणि चुलीपुढे उभं राहणं त्यांना एकच झालं. मन भरकटलं तर ते स्वतःला कोसत बसत नसत, पुन्हा देवाकडे वळत. तूही इंजेक्शन भरताना, चादर बदलताना ते काम त्याच्या हाती दे. मन दहादा पळालं तर अकराव्यांदा आण.

आपल्या बोलीत बोल. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं. परक्या मुलखातल्या माणसाला देवाची गोष्ट सांगायला आपली भाषा पुरली, मग तुला का नाही पुरणार? पाठ केलेले शब्द आठवले नाहीत तर मला सांगतेस तसं त्याला सांग. रडू आलं तर रड.

संकट टळलं तरच शांती, असं धरू नकोस. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा शापायचा, तुझ्या आजोबांचा, ट्रक दारात उभा राहिला आणि हप्ते चालूच. मी रोज जाऊन त्या दिव्यापुढे बसायचे. तोंडातून प्रार्थना निघत नसे, आत काही जाणवतही नसे. खाण उघडली नाही, ट्रक विकावा लागला. पण त्या बसण्याने दुसऱ्या दिवशीची भाकरी थापायचं बळ मिळालं, आणि घरात कुणी कुणाला टाकून बोललं नाही. संतांनाही हे चुकलं नाही. आपल्या बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाज १६८७ मध्ये मजुराच्या वेशात लंकेत गेले. तिथे कँडीच्या राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. कैदेतही त्यांची प्रार्थना थांबली नाही. काही जाणवत नाही म्हणून देव नाही असं नसतं, हे मी खाणी बंद झाल्या त्या वर्षी शिकले.

निघताना बेसांव, मोठ्यांचा आशीर्वाद, घे. लहानपणी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाला की हात जोडून माझ्यापुढे उभी राहायचीस. आता घाईत विसरतेस. विसरू नकोस. दारातून निघताना कुणी तुला देवाच्या हवाली केलेलं असू दे.

माझे गुडघे आता मला रोज इगर्जीपर्यंत नेत नाहीत. पण तिन्हीसांजेची घंटा ऐकली की मी हातातलं काम ठेवते. दिवा दिसत नाही, तरी तो तेवतोय हे मला ठाऊक असतं. तू तेव्हा वॉर्डात हात धूत असशील.