भिंगाविना कॅमेरा : सूचिछिद्रातून इतिहासाचा एक पाठ

शालेय विज्ञानात प्रत्येकाने एकदा तरी सूचिछिद्र प्रतिमाग्राहक तयार केलेला असतो. बुटांचे खोके, त्याच्या एका बाजूस टाचणीचे छिद्र, दुसऱ्या बाजूस तेल लावलेला कागद आणि समोर मेणबत्ती. कागदावर ज्योत उलटी दिसते, वहीत आकृती काढली जाते, ‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ हे वाक्य पाठ होते आणि प्रयोग तेथेच संपतो. भिंग काढलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर हाच प्रयोग केला, तर तो किती पुढे जातो आणि विज्ञानाच्या तासातून इतिहासाच्या तासात कसा येऊन पोहोचतो, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

छिद्राची जुनी ओळख

चीनमधील मोझी या विचारवंताच्या नावे असलेल्या ग्रंथात, ख्रिस्तपूर्व काळातच, छिद्रातून पडणाऱ्या उलट्या प्रतिमेची नोंद झालेली आहे. अकराव्या शतकाच्या प्रारंभी कैरो येथे अभ्यास करणाऱ्या इब्न अल्-हैथम यांनी या घटनेला प्रयोगाची शिस्त दिली. छिद्रासमोर वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवायचे. अंधाऱ्या जागेतील भिंतीवर प्रत्येक दिव्याचा एकेक उजळ ठिपका पडतो. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होतो. दिवा उघडला की तो परत येतो. म्हणजे अनेक दिव्यांचा प्रकाश एकाच छिद्रातून जातो, तरी एकमेकांत मिसळत नाही. हा प्रयोग वसतिगृहाच्या खोलीत तीन मेणबत्त्या आणि एका पुठ्ठ्यावर होतो. कॅमेरा हाती घेण्यापूर्वी तो अवश्य करावा, असे आम्ही सुचवू.

युरोपात गेमा फ्रिसियस यांनी 1544 मध्ये लूव्हाँ येथे छिद्राच्या साहाय्याने सूर्यग्रहण पाहिले. आपल्या शेजारी हंपी येथील विरूपाक्ष मंदिरातही अंधाऱ्या भागातील भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा पडते. तिला चमत्कार समजण्याचे कारण नाही. भिंतीतील छिद्र आणि आतला अंधार एवढेच तिचे रहस्य आहे.

कृती

ज्याचे भिंग काढता येते असा, जुना असला तरी चालेल, डिजिटल कॅमेरा घ्यावा. भिंग नसताना त्याच्या तोंडावर बसणारे प्लास्टिकचे झाकण बाजारात स्वस्तात मिळते. त्याच्या मध्यभागी ड्रिलने पाच-सहा मिलिमीटरचे भोक पाडावे. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा छोटा पत्रा कापून बारीक पॉलिश पेपरने घासून पातळ करावा. पुठ्ठ्यावर ठेवून शिवणाच्या सर्वांत बारीक सुईचे केवळ टोक त्यात फिरवत घालावे आणि पाठीमागे आलेली कड पुन्हा घासून काढावी. छिद्र गोल व स्वच्छ हवे. मग पत्रा झाकणाच्या आतील बाजूस काळ्या चिकटपट्टीने बसवावा. प्लास्टिकचा कीस आणि धातूची भुकटी पूर्णपणे पुसल्याखेरीज झाकण कॅमेऱ्यावर लावू नये. संवेदकावर बसलेला धुळीचा कणही इतक्या लहान छिद्रात स्पष्ट डाग होऊन दिसतो. कॅमेरा थेट सूर्यावर रोखू नये.

छिद्र किती मोठे असावे? छिद्रापासून संवेदकापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्यावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्यास 0.045 ने गुणावे. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात हे अंतर सुमारे 45 मिलिमीटर असते. म्हणून छिद्र साधारण 0.3 मिलिमीटरचे हवे. त्याहून मोठे झाले तर प्रत्येक बिंदूचा डाग पसरतो. फार लहान झाले तर प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे छिद्राच्या कडेवरून तो फाकतो, आणि चित्र पुन्हा अस्पष्ट होते. छिद्र मोजण्यासाठी पत्रा स्कॅनरवर 1200 डीपीआयने स्कॅन करावा, 0.3 मिलिमीटरचे छिद्र सुमारे 14 पिक्सेल रुंद दिसते.

अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की 150 येतात. हा झाला आपल्या कॅमेऱ्याचा एफ-अंक. भर उन्हात एफ-16 आणि आयएसओ 100 असताना सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. प्रकाश अंकाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून येथे सुमारे 88 पट वेळ, म्हणजे जवळपास एक सेकंद लागतो. कॅमेरा ‘मॅन्युअल’वर ठेवावा, तिपाईवर बसवावा आणि बटणाचा धक्का बसू नये म्हणून सेल्फ-टायमर वापरावा. फोकस करण्याचा प्रश्नच नाही. जवळचे आणि दूरचे सारखेच दिसते.

सारखेच, म्हणजे सारखेच अस्पष्ट. विद्यार्थी येथे हमखास विचारतात की, चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा असून चित्र धूसर का? उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. संवेदक सुमारे 24 मिलिमीटर रुंद आणि प्रत्येक बिंदूचा डाग सुमारे 0.3 मिलिमीटर, म्हणजे रुंदीत जेमतेम 80 डाग मावतात. पिक्सेल सहा हजार असले तरी माहिती ऐंशी डागांचीच. बारा सेंटिमीटर खोल खोक्यात छिद्र 0.5 मिलिमीटरचे लागते, पण पडदा पंधरा सेंटिमीटर रुंद असेल तर 300 डाग मावतात. चित्राच्या स्पष्टतेत बुटांचे खोके महागड्या यंत्राला मागे टाकते, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठी एवढा खटाटोप सार्थकी लागतो.

जे चित्रात आले नाही

भोजनगृहाच्या आत प्रकाश कमी. आयएसओ 400 ठेवूनही तीस सेकंद शटर उघडे ठेवावे लागते. अशा चित्रात भिंती आल्या, बाके आली, भाताचे पातेले आले. मात्र वाढणाऱ्या मावशी आल्या नाहीत. एक मुलगी म्हणाली, “पण मावशी तर पूर्ण वेळ तिथेच होत्या!” होत्याच. परंतु त्या एका जागी थांबल्या नाहीत, कारण त्यांचे काम थांबण्याचे नव्हते. पातेले स्थिर होते म्हणून ते उमटले.

याच ठिकाणी आम्ही वर्गाला पॅरिसचे एक चित्र दाखवतो. लुई दागेर यांनी 1838 मध्ये बुलव्हार द्यू ताँप्ल या गजबजलेल्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. त्यांच्या कॅमेऱ्याला भिंग होते, तरी प्रकाशास काही मिनिटे लागली. रस्ता ओसाड दिसतो. घोडागाड्या नाहीत, माणसे नाहीत. कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेण्यासाठी उभा राहिलेला एक माणूस तेवढा ओळखू येतो, आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणाऱ्याची पुसट आकृती. माणसाच्या प्रतिमेची ही छायाचित्रणातील अगदी सुरुवातीची नोंद मानली जाते.

कॅमेऱ्याने खोटे सांगितलेले नसते. ओसाड दिसणारा रस्ता ओसाड होता, असे मानणारा वाचक मात्र फसतो. इतिहासाच्या प्रत्येक साधनाला हाच प्रश्न विचारावा लागतो: हे नोंदवण्यासाठी किती काळ स्थिर राहावे लागत होते, आणि तेवढा काळ स्थिर राहण्याची सवड कोणाला होती? वाडे, दरवाजे, सिंहासने टिकतात. पाणी भरणारे, दळणारे, झाडणारे हात सतत हलत असतात. ते साधनात दिसत नाहीत म्हणून नव्हतेच, असा निष्कर्ष काढणे अभ्यासाला धरून होत नाही. आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुढच्या पिढीला ते पुराव्यानिशी दाखवून देण्याची मात्र आहे, आणि एक सेकंद ते तीस सेकंदांच्या दोन चित्रांत ते दाखवता येते.

म्हणून आम्ही या प्रयोगाला एक नियम जोडला आहे. प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, छिद्राचा व्यास आणि शटर उघडे राहिल्याचा काळ लिहायचा. आणि शेवटच्या ओळीत, त्या वेळी तेथे असूनही चित्रात न आलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव व काम लिहायचे. भोजनगृहाच्या चित्राखाली पाच नावे आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील जुना कॅमेरा बाहेर काढून मुलांसोबत हा प्रयोग करावा आणि घरच्या जुन्या छायाचित्रांखालीही ही शेवटची ओळ लिहावी, अशी विनंती आहे. ती नावे सांगू शकणारी माणसे आज घरात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.