ऑगमेंटेड आणि डिमिनिश्ड कॉर्ड

कळवणच्या गायकवृंदातील वादकांनो, पेटीवर सा-ग-प एकत्र दाबा. काळ्या-पांढऱ्या धरून सा ते ग चार पट्ट्या, ग ते प तीन. हा मेजर. प ऐवजी कोमल ध घेतला की चार-चार, म्हणजे ऑगमेंटेड. तो अधांतरी राहतो. पुढे सा-म-ध (ध शुद्ध) वाजवले की टेकतो. मंद्र नी-रे-म हा तीन-तीनचा डिमिनिश्ड. त्यातला नी सा कडे, म ग कडे ओढ घेतो. नी-म या अंतरावर चर्चने बंदी घातली होती असे सांगतात, पण त्याला पुरावा नाही. उपवासकाळात (चौथा रविवार व मोठे सण सोडून) वाद्य फक्त गायनाच्या आधाराला असते. तेव्हा अशा कॉर्डवर थांबू नका. लोकांचा सूर सुटतो.